फोनवरची मेंढरं

कडूबा थापाड्या आहे, हे त्याच्या गावच्या, पिशोरच्या बाजारात कोणीही सांगितलं असतं. दुष्काळाच्या दुसऱ्या वर्षी तो बायकोला, बानाबाईला, घेऊन शहरात आला, बीड बायपासला एका पाच मजली इमारतीवर वॉचमन म्हणून लागला, आणि महिनाभरात तिथल्या बायकांनाही ते कळून चुकलं. टँकर आठवड्यातून दोनदा यायचा, तोही सांगितलेल्या वेळेनंतर दोन तासांनी. तोवर बादल्या घेऊन ताटकळलेल्या बायका कडूबाभोवती कोंडाळं करायच्या.

"काका, आज काय फेकणार?"

"फेकतंय कोण? माझ्या आज्यानं लांडग्याशी सोयरीक केली व्हती, तेवढं सांगतो."

एकदा दुसऱ्या मजल्यावरची दिपाली हसता हसता म्हणाली, "किती खोटं बोलता हो काका!" झालं, गड्याचा चेहराच पडला.

"ताई, काय बी म्हना, खोटं म्हनू नका. बाता मारनारा सोताचीच आरती करतो. पुडी सोडनारा सोडून पसार व्हतो. कंडी पिकवनाऱ्याला दुसऱ्याच्या घरात भांडण बघायचं असतं. थाप तशी नसती. थापेत ऐकनाऱ्याला भायेर पडायला एक दार ठेवायचं असतं. लांडगा फेटा बांधून मांडवात आला म्हनलं, की तुमी हसल्या. ते दार. खोट्याला दारच नसतं."

आता हा माणूस भुताची थाप मारी, फौजदाराची मारी, सख्ख्या सासऱ्याची तर रोज मारी. पण मेंढरांची त्याने जन्मात कधी मारली नाही. त्यांच्या मेंढपाळांतला कोणीच मारत नाही. एकाचा कळप दुसरा चारतो, मालक कुठल्या कुठे असतो. मेंढरू दुखण्यानं बसलं असं गमतीत जरी कळवलं तरी तो बिचारा हातातला घास टाकून चालत सुटायचा. म्हणून मेंढराबद्दल आलेला शब्द खराच धरायचा. कोणी शिकवत नाही, शिकवावंही लागत नाही.

कडूबाचीही मेंढरं होती. चारा छावण्यांत गाईबैलांना दावण मिळाली, मेंढरांना कोण विचारतो? तेव्हा धाकटा चुलतभाऊ रामहरी म्हणाला, "दादा, तू शहरात जा. मी समदा कळप गोदागंगेच्या अंगाला नेतो, जगवतो." कडूबाने एकेका मेंढराच्या कपाळाला भंडारा लावला आणि कळप त्याच्या हवाली केला. मृगाचा पाऊस पडला की माघारी जायचं, असं नवराबायकोचं ठरलेलं. सोसायटीच्या तात्यासाहेबांना तसं सांगूनही ठेवलेलं. कळप आहे तर गाव आहे, इतका सरळ हिशेब.

दर शुक्रवारी रामहरीचा फोन यायचा. बानाबाई स्पीकर लावायला शिकली ती त्याच फोनसाठी. काळी लंगडत होती, आता बरी आहे. पांढरकानी व्याली, जोडी झाली. ही पांढरकानी म्हणजे आई मेल्यावर बानाबाईने बाटलीने दूध पाजून वाढवलेली. त्या दिवशी बाईने सगळ्या इमारतीला गूळ वाटला.

वैशाखात शेजारच्या बांधकामावर फकिरा प्लास्टरच्या कामाला आला. हा फकिरा पिशोरकडचा, मेंढ्या कातरणारा. कडूबाने त्याला चहाला बसवलं आणि विचारलं, "आमच्या कळपाची लोकर बरी निघाली का रं औंदा?"

"कंच्या कळपाची?"

"माझ्या. रामहरीकडच्या."

फकिरा बशी तोंडाशी धरून थांबला. "दादा, रामहरीकडं मेंढरू कुठंय? शिमग्याच्या आधीच खाटकाचा टेम्पो येऊन भरून गेला की. कातरायला गेलतो, मीच हात लावला चढवायला."

कडूबा हसला. थाप झकास जमलीये, असं म्हणायला तोंड उघडलं आणि हातातला चहा खाली ठेवला. मेंढरांची थाप कोणी मारत नाही. फकिराही मारणार नाही.

गूळ वाटला होता चैत्रात.

त्याने बानाबाईला सांगितलं. तिने परातीतलं पीठ तसंच ठेवलं.

शुक्रवारी फोन वाजला. बानाबाईने स्पीकर लावला.

"दादा, बरं हाय ना? मेंढरं झ्याक हायत."

"काळी?"

"काळी का? काल तिनं बांधावरनं अशी उडी मारली, म्या म्हनलं हिचं वय उतरलं का काय!"

कडूबा आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्याची कारागिरी ऐकत होता. माल चोख होता. बांध, उडी, वय, सगळं जागच्या जागी. त्याने रामहरीला एक दार उघडून दिलं.

"रामहरी, आपल्यात मेंढरांची थाप मारत नसतात रं."

"दादा, असं का बोलतो? भंडाऱ्याची आन हाय मला."

ते दार त्यानेच लावून घेतलं, वर कडीही घातली.

तेव्हा बानाबाई फोनवर वाकली. आवाज अगदी गोड. "भावजी, पांढरकानीची लई सय येती वो. जरा फोन तिच्या तोंडाशी धरता का? वरडली तर बरं वाटंल मला."

"आत्ता? लांब हाय ती, वयनी."

"मी थांबते."

बराच वेळ वाऱ्याची खरखर ऐकू आली. कोणीतरी खाकरलं. आणि मग, चाळिशीचा, मिशीवाला, दोन लेकरांचा बाप रामहरी फोनमध्ये मेंढीसारखा ओरडला. दोनदा. मेंढपाळाचं पोर ते, हुबेहूब ओरडलं. शेवटाला पांढरकानी जसा आवाज चिरकवायची, तसाच चिरकला. बानाबाईने पदर तोंडात कोंबला.

कडूबाने आठवडाभर शिव्या घोळवून ठेवल्या होत्या, आजा-पणज्यांच्या ठेवणीतल्या. पण शिवी दिली असती तर रामहरी हसला असता. "थाप मारली रं दादा, तुझीच तर शिकवण," म्हणून सुटला असता, आणि भावकीनेही ती कडूबाच्याच खात्यात घातली असती. ती सोय त्याने दिली नाही.

"बरं," तो म्हणाला. "पानी पाज तिला."

मृगात पाऊस बरा झाला. तात्यासाहेब नवा वॉचमन बघायला निघाले, तर कडूबा म्हणाला, राहू द्या, आता जायचं नाही. टँकर बंद झाले, बायकांचं कोंडाळं मोडलं. दिपालीने एकदा वाटेत हटकलं, "काका, एखादी होऊन जाऊ द्या." त्याने गेट उघडलं आणि बाजूला झाला.

वर्षं झाली, रामहरीचा फोन मात्र अजून शुक्रवारी येतो. न करून करतो काय, थांबला तर पितळ उघडं पडेल. कडूबा उचलतो, एकेक नाव घेऊन विचारतो, आणि रामहरीला सांगावं लागतं. काळी म्हातारी झाली. पांढरकानीला आठ पिल्लं झाली, त्यांना पुढे झाली. फोनवरचा कळप आता पिशोरच्या माळावर मावणार नाही. रामहरीला नावं आठवत नाहीत, चुकतो, घाम पुसल्यासारखा थांबतो. कडूबा ते चूक नाव दुरुस्त करून देतो आणि पुढच्या मेंढराचं विचारतो.