वरच्या मजल्यावरचा गाळा

माझे शिक्षण नववीत खंडित झाले. तथापि खालापूरच्या तहसील कचेरीबाहेर बसून मी जो मजकूर लिहितो, त्यात फेरफार करण्याचे धाडस आजवर कोणा वकिलाने केलेले नाही. म्हणून अर्थशास्त्राचे प्राध्यापक असलेले आमचे सर निवडणुकीस उभे राहिले, तेव्हा उमेदवारीचे कागद माझ्याकडे आले, याचे मला नवल वाटले नाही.

सरांना ही ओढ एका कोरियन माणसामुळे लागली. तोही अर्थशास्त्रज्ञ, विद्यापीठातील खुर्ची सोडून संसदेत गेलेला. माझ्या बाकावर बसून सर त्याच्या हकिकती सांगत. "ज्याला भाव आणि मजुरी समजते, त्याने फळ्यासमोर आयुष्य काढू नये," असे म्हणत. पुढे तो पडला आणि परत शिकवू लागला, हेही त्यांनीच मला हसत सांगितले.

सर मात्र निवडून आले. कर्जत-खोपोली रस्त्यावरील आमच्या लहानशा गावाचे ते नगराध्यक्ष झाले आणि त्यांनी नाक्यावरचा बाजार उठवून दुमजली इमारतीत नेला. खाली मोबाइल व कपड्यांची दुकाने, वर भाजी आणि मासळी.

नाक्यावर सुकी मासळी विकणारी एक कोकणी मुसलमान विधवा होती. तिला सगळे खाला, म्हणजे मावशी, म्हणत. तिचे पोट त्या टोपलीवरच होते. खालच्या मजल्यावर जागा मिळावी, असा तिचा अर्ज मी लिहिला आणि तिच्यासह सरांपुढे उभा राहिलो.

सरांनी अर्ज पूर्ण वाचला. "भाषा उत्तम आहे," ते मला म्हणाले. मग तिच्याकडे वळले. "खाला, माल चांगला आणि भाव कमी असला की गिऱ्हाईक जिना चढतं."

"सर, वास खाली जातो, पण गिऱ्हाईक वर येत नाय. तुमच्या बाईसाहेब चढतील काय सुकटीसाठी?"

दारातला शिपाई फिसकन हसला. सर हसले नाहीत. "जरा धीर धरा."

"मी धरीन वो. बोंबील नाय ना धरत. पावसात बुरशी येते त्याला."

अर्ज नामंजूर झाला. पावसाळ्यात तिचा बराच माल फेकला गेला. एकदा ती गुपचूप नाक्यावर बसली, तर नगरपंचायतीचा टेंपो टोपली उचलून घेऊन गेला. शेवटी ती माझ्याकडे आली.

"भाऊ, गाळा परत करायचाय. लिवा."

गाळा सोडण्याच्या अर्जात 'घरगुती अडचणीमुळे' असे लिहावे, हा आमच्या व्यवसायाचा जुना रिवाज आहे. अन्य कारण दिले की चौकशी लागते आणि अर्जदाराला खेटे घालावे लागतात. मी रिवाजाप्रमाणे लिहिले, तिने अंगठा उठवला आणि सरांनी त्याच दिवशी मंजुरी दिली.

यंदा सर विधानसभेची तयारी करीत आहेत. नाक्यावरच्या सभेत त्यांनी आपल्या कारकिर्दीचा हिशेब मांडला. "वरचा मजला चालणार नाही म्हणत होते! आजवर एकच गाळा रिकामा झाला. गिऱ्हाईक नाही म्हणून नव्हे, घरगुती अडचणीमुळे. अर्ज आहे माझ्याकडे."

खाला माझ्या शेजारीच उभी होती.

"भाऊ, माझ्या घरात कसली अडचण व्हती वो?"

टाळ्या चालू होत्या. ती पलीकडच्या खानावळीकडे निघून गेली. तिथे ती आता भांडी घासते.