स्वयंपाकघराचं दार

"माणसाला जागा लागते किती गं? अन्न शिजवायला चूल आणि पाठ टेकायला भिंत. बाकी सगळी हाव!"

हे वाक्य माझ्या थोरल्या भावाचं. बोलला कुठे बसून? तर भुईगावला, स्वतःच्या तीन मजली बंगल्यासमोर, पितळी कड्यांच्या झोपाळ्यावर. आणि ऐकत कोण होतं? मी. आचोळ्याला चौथ्या मजल्यावर वन रूम किचनमध्ये उभा संसार केलेली त्याची बहीण. लोकां सांगे ब्रह्मज्ञान! तेव्हा मी गप्प बसले, कारण माझी लेक गरोदर होती आणि भावाच्या घराची गरज लागणार होती. पण तो राग माझ्या पोटात राहिला तो राहिलाच.

आधी आमचं घर सांगते. बाहेरच्या खोलीत सासऱ्यांची कॉट, टीव्ही आणि कपाट. आत स्वयंपाकघर. तिथे दिवसा ओट्यापाशी मी उभी आणि रात्री त्याच ओट्याखाली आम्हा नवरा-बायकोचं अंथरूण. स्वयंपाकघराला दार नाही. म्हणजे बिल्डरने दिलं होतं, हिरव्या रंगाचं. पण ते उघडायचं आतल्या बाजूला, आणि फ्रीज ठेवायला जागा होती फक्त त्या दारामागे. मग काय करणार? फ्रीज घेतला त्या दिवशी दार काढलं. आमच्या बिल्डिंगमध्ये घरोघरी हेच झालंय. कोणाच्या दाराचं इस्त्रीचं टेबल झालं, कोणाच्या दाराची माळ्यावर फळी. आमचंही माळ्यावर गेलं, त्याच्यावर पाहुण्यांच्या गाद्या रचल्या. चौकटीत मी जुन्या साडीचा पडदा लावला आणि विसरून गेले.

माझी लेक त्या पडद्याच्या घरात मोठी झाली. दहावीचा अभ्यास तिने जिन्यात बसून केला. कपडे बदलायचे ते न्हाणीत, ओल्या लादीवर एका पायावर उभं राहून. कधी कुरकुर केली नाही पोरीने. लग्न होऊन ठाण्याला दोन बेडरूमच्या घरात गेली तेव्हा मला फोन करून म्हणाली, "आई, इथे मी कपडे बसून बदलते." हसत सांगत होती. मला मात्र हसू आलं नाही.

तर तिचं डोहाळजेवण होतं ठाण्याला. ओटी भरून झाली, जेवणं झाली, आणि विहीणबाई माझ्या जवळ सरकून गोड आवाजात म्हणाल्या, "पहिलं बाळंतपण माहेरी असतं खरं, पण राहू दे इथेच. तुमच्याकडे अडचण होईल हो."

तो 'हो' मला सुईसारखा टोचला. चार बायका कान टवकारून बसल्या होत्या. मी म्हटलं, "अडचण झाली तर माझी होईल. लेक माझी आहे, ती माझ्याकडेच येणार." म्हणायला तर म्हटलं मी. घरी येऊन चप्पल काढली, समोर सासरे टीव्हीचा आवाज मोठा करून बसलेले, पलीकडे तो पडदा. बाळंतिणीला निजवू कुठे? शेक-शेगडी कुठे करू? आता हिला इथे नीट ठेवता आलं नाही तर जन्मभर ऐकून घ्यावं लागणार होतं. मला एकटीला नाही, तिलाही, रोज, सासरी.

अशा वेळी भावाचा फोन आला. "अगं, मामाचं घर आहे की! तुझं बाळंतपण याच जागेत झालं, तिचंही होऊ दे."

माझं बाळंतपण त्याच जागेवर झालं होतं हे खरं, पण त्या घरात नाही. तेव्हा आमचं बैठं घर होतं, भोवती केळी आणि मोगऱ्याची वाडी. मागे एक काळोखी खोली. आईने मला तिथे निजवलं आणि दार ओढून घेतलं. आत यायची ती आई आणि मालिश करणारी बाई. माझ्या वडिलांनासुद्धा कडी वाजवल्याशिवाय आत पाऊल टाकायची छाती नव्हती. सबंध सव्वा महिना त्या खोलीत मी राणी होते. एरवी ती लसूण आणि कांदे ठेवायची खोली होती, बरं का.

वाडी तोडून दादाने बंगला बांधला. असो. मी नातवाला आणि लेकीला हॉस्पिटलातून थेट तिथे घेऊन गेले. पहिल्या मजल्यावरची पाहुण्यांची खोली मिळाली. एसी काय, आरसा काय, पडदे काय! आणि पलंगावरच्या गादीला दुकानातलं प्लॅस्टिक तसंच. मी काढायला गेले तर वहिनी धावत आली. "ते राहू दे हं. तेलाचे डाग जात नाहीत."

म्हणजे माझी ओली बाळंतीण प्लॅस्टिकवर निजणार! कूस वळवली की ते कर्रर्र वाजायचं आणि बाळ दचकून उठायचं. मी वर चादरीवर चादर घातली, तरी ते वाजायचंच.

शेगडीचं नाव काढलं तर वहिनीने कपाळाला हात लावला. "अगं बाई, वर पीओपी आहे! काळं पडेल." मग धुरी? "धुरी मागे दे, पंपाच्या खोलीपाशी." आंघोळ? "बाथरूमला काचेचं पार्टिशन आहे ना, त्या मालिशवालीला सांभाळून वापरता येणार नाही." शेवटी मालिशवाली बाई मागच्या अंगणात धुण्याच्या दगडावर पाय पसरून बसली आणि समुद्राच्या वाऱ्यात माझ्या नातवाला न्हाऊ घातलं. "पानी निवलं, बाय," म्हणत ती घाईघाईने लेकराला पुसत होती आणि ते शिंकत होतं. मी वर बघितलं. खिडक्याच खिडक्या. एक खोली भाच्याची, तो कॅनडात. एक भाचीची, ती पुण्यात. एक व्यायामाची, त्यात मशीनवर टॉवेल वाळत घातलेले. सगळ्या बंद. बडा घर पोकळ वासा म्हणतात ते मी त्या दगडापाशी उभं राहून पाहिलं.

मी तशीच ओल्या पायांनी आत गेले. "वहिनी, एवढ्या खोल्यांत माझ्या लेकीच्या शेगडीला हातभर जागा नाही?"

"जागा आहे गं. पण घर खराब होतं ना."

"मग घर असतं कशाला? नैवेद्य दाखवायला?"

दादा पेपर वाचत होता. पेपर खाली न घेता म्हणाला, "तिने हौसेने ठेवलंय सगळं, समजून घे जरा." हा माझा भाऊ, ज्याच्या मते चूल आणि भिंत सोडून बाकी सगळी हाव! मी वर गेले, पिशव्या भरल्या, रिक्षा बोलावली आणि जेवायच्या आत आम्ही आचोळ्याला.

आणि आता खरं सांगते, इथेही काही स्वर्ग नव्हता. लहान घरात माया असते, एकमेकांच्या ऊबेत राहतात, असलं गोड गोड बोलणारे लोक भेटले की मला त्यांना आमच्याकडे आठ दिवस ठेवून घ्यावंसं वाटतं. स्वयंपाकघरात घडीची कॉट टाकली, लेकीला निजवलं, कॉटखाली शेगडी ठेवली. माझ्या छतावर पीओपी नाही, काळं पडायचं ते आधीच पडलंय. पहिले दोन दिवस बरे गेले.

मग ते झालं. सासऱ्यांना ऐकायला कमी येतं आणि दिवसभर फ्रीजचं गार पाणी लागतं. म्हातारं माणूस, सवयीने उठले, पडदा सारला. आत लेक बाळाला पाजत बसली होती. तिने घाईने पदर ओढला, बाळाच्या तोंडातलं सुटलं, ते टाहो फोडून रडायला लागलं. सासरे जागच्या जागी वळले आणि गॅलरीत जाऊन उभे राहिले. संध्याकाळ झाली तरी आत येईनात. जेवले नाहीत. त्यांचं काय चुकलं होतं? पाणी प्यायला तर उठले होते बिचारे.

लेक रडली नाही. बाळाला थोपटत म्हणाली, "आई, मी ठाण्याला जाते. तू हौसेने आणलंस, पण इथे मला पाजायलाही जागा नाही."

कोणीतरी थोबाडीत मारावी तसं झालं मला. विहीणबाई जिंकल्या! कोणावर चिडू कळेना. सासऱ्यांवर? पोरीवर? आणि माझी नजर गेली फ्रीजवर. हे धूड! दाराच्या जागी ऐसपैस उभं, घरघरत. दोन वाट्या विरजण, कालची भाजी आणि सासऱ्यांच्या बाटल्या ठेवायला आम्ही घरातल्या माणसांची लाज काढून घेतली होती. फ्रीजला जागा आहे आणि माझ्या लेकीला नाही? जळलं मेलं ते गार पाणी!

नवरा वालीवच्या कामावरून आला. त्याने डबा ठेवायच्या आत मी म्हटलं, "माळ्यावरचं दार काढा."

"आत्ता? आणि फ्रीज कुठे जाईल?"

"खड्ड्यात जाईल!"

माझा आवाज जिन्यात गेला असणार, कारण समोरची भाभी बाहेर आली. जौनपूरची आहे ती, तिचं घर आमच्याएवढंच आणि माणसं पाच. सगळं ऐकून म्हणाली, "हमारे यहाँ रख दो ना दीदी. हमारे पास तो फ्रीज है ही नहीं." मी विचारलं, तुझ्याकडे जागा? तिने चपलांचं कपाट बाहेर पॅसेजमध्ये ओढलं, झाली जागा. "और आपका दरवाज़ा कम से कम है तो सही. हमारा तो कबका पलंग बन गया!" त्या अवस्थेतही मला हसू फुटलं.

गाद्या उतरवल्या, दार उतरवलं. वर धुळीचा थर, पण कडी शाबूत. चौकटीतल्या बिजागऱ्यांवर रंगाचे लेप बसले होते, ते नवऱ्याने स्क्रू ड्रायव्हरने खरवडले. दार खालून घासायला लागलं, मग खालची कड रंध्याने तासली. तो घाम पुसत होता, पण एकदाही कटकट केली नाही. शेवटी दार बसलं. मी लेकीला म्हटलं, "लाव आतून." खट्कन कडी लागली.

थोड्या वेळाने फटीतून ओव्याचा वास यायला लागला. सासरे गॅलरीतून आत आले, दाराकडे बघत राहिले. मी त्यांच्या कानाशी ओरडून सांगितलं, "बाबा, दार लावलंय. पाणी हवं असेल तर वाजवायचं." म्हणाले, "बरं झालं." मग जेवायला बसले. दुसऱ्या दिवसापासून पाणी हवं असलं की चमच्याने पेला वाजवायचे, आणि माठातलं पाणी मुकाट प्यायचे. गार पाण्यावाचून कोणी मेलं नाही.

बारशाला दादा आला, बाळाला चांदीचे वाळे घेऊन. वहिनीचे गुडघे दुखत होते म्हणे. सासऱ्यांच्या कॉटवर अंग चोरून बसला, गुडघे कपाटाला टेकलेले. पेढा तोंडात टाकला, बंद दाराकडे पाहिलं आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "बघ, झालं ना सगळं नीट? मी म्हणत नव्हतो, माणसाला जागा लागते किती!"

आता मात्र माझी जीभ सुटली. "दादा, तू, वहिनी आणि तिचे वडील, तिघांनी तुझ्या एका खोलीत महिनाभर राहा. तिथेच शिजवा, तिथेच निजा, तिथेच कपडे बदला. आणि मग हेच वाक्य परत बोल. मी रिक्षा करून ऐकायला येईन."

"तुला लगेच राग येतो," तो म्हणाला.

"येतो," मी म्हटलं. "पेढा घे अजून एक."

सव्वा महिना झाल्यावर विहीणबाई स्वतः न्यायला आल्या. लेक भरली होती, बाळ गुटगुटीत. दारापाशी त्या थांबल्या आणि बोटाने टकटक केलं. "येऊ का आत?" आतून लेक म्हणाली, "थांबा हं, आई." आणि त्या थांबल्या. जाताना त्यांनी माझे हात हातात घेतले.

घर रिकामं झालं. रविवार होता. नवरा म्हणाला, "आता दार काढतो आणि फ्रीज आणतो. पोरगी गेली, आता कशाला हवंय?"

मी स्वयंपाकघरात गेले आणि आतून कडी लावली. कुकर लावला नाही, भांडी घासली नाहीत. भिंतीला पाठ लावून लादीवर पाय पसरून बसले. या घरात आल्यापासून मी पहिल्यांदा एकटी होते. बाहेर टीव्ही चालू होता, सासऱ्यांचा पेला वाजत होता. मी उठले नाही.

थोड्या वेळाने नवऱ्याने दार वाजवलं. "अगं, काय झालं? बरं नाही का तुला? रडतेयस का?"

"नाही."

"मग आत काय करतेस?"

"काही नाही," मी म्हटलं. "फ्रीज भाभीकडेच राहू दे."