साबणात खोचलेल्या सुया

आमच्या गल्लीचा एक गुण आहे. एखाद्यावर आमचा विश्वास बसला की पुढे त्याने काहीही केलं तरी आम्ही माना डोलावतो. आणि एखाद्यावरून मन उडालं की त्याने खरं सांगितलं तरी आम्हांला त्यात पोटदुखीच दिसते. पहिल्या रांगेत झुंबरबाई, दुसऱ्या रांगेत कुंदाबाई. पारोळ्याच्या किल्ल्यामागे दोघींची घरं समोरासमोर. दोघी गोधड्या शिवतात आणि दोघींचं पटत नाही.

झुंबरबाईंना सगळे अक्का म्हणतात, आणि अक्कांच्या गोधडीपुढे बोलायचं काम नाही. गोधडीला यंत्र लागत नाही, डोकं लागतं, असं त्या म्हणत. अंगणात जुनी लुगडी अंथरली की कापड सरकू नये म्हणून चारी कोपऱ्यांवर गल्लीतल्या किराणावाल्या सोहनलालजींच्या दुकानातली जुनी लोखंडी वजनं ठेवायच्या. थर एकमेकांना धरून राहायला टाचण्यांऐवजी बाभळीचे काटे. ओळ आखायला खडू नाही. जाड सुतळी या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणून बांधायची आणि डाव्या अंगठ्याने ती चाचपत तिच्या कडेकडेने टाका घालत जायचा. दोरा आधी मेणबत्तीवरून ओढून घ्यायचा, म्हणजे गुंता होत नाही. जाड थरात सुई अडली तर सायकलच्या ट्यूबचा तुकडा बोटाला गुंडाळून ती खेचायची. आणि सकाळीच साऱ्या सुया ओवून धुण्याच्या साबणाच्या वडीत ओळीने खोचून ठेवायच्या. सुई सुळसुळीत राहते, आणि दिवसभर ओवाओवीत वेळ जात नाही.

सोहनलालजींची धाकटी सून रूपल हे सगळं मोबाइलवर टिपून लोकांना दाखवायची. "घरबसल्या शिवणाच्या सोप्या युक्त्या," असं ती सुरुवातीला हसून म्हणायची. कुठल्या कुठल्या गावच्या बायकांनी त्या बघून साबणाच्या वड्या सुयांनी भरून टाकल्या.

आता खरं सांगते. त्या युक्त्यांत निम्मी हुशारी होती आणि निम्मा मोतीबिंदू.

अक्कांना दिसेनासं होऊन दोनेक वर्षं झाली होती. खडूची रेघ दिसत नव्हती, म्हणून बोटाला लागणारी सुतळी. टाचणी हरवली तर सापडली नसती, काटा हाताला लागतो. सुईचं नाक दिसत नव्हतं, म्हणून सून किरण सकाळी चुलीकडे जाण्याआधी साऱ्या सुया ओवून द्यायची, आणि तीही समजायची की सासूबाई वेळ वाचवतात. अक्कांनी कुणाला ताकास तूर लागू दिली नाही. यावलच्या त्यांच्या थोरल्या बहिणीचा डोळा ऑपरेशननंतर गेला होता. डॉक्टरचं नाव काढलं की अक्का उठून आत जात.

हे चालून गेलं ते आमच्यामुळे. एकदा त्यांनी पांढऱ्या गोधडीवर पांढरा समजून लाल दोरा घातला. आम्ही म्हटलं, काय उठून दिसतंय! महिन्याभरात गल्लीत सगळ्या पांढऱ्या गोधड्यांवर लाल टाके. पुढे एकदा ठिगळं उलटी लागली, फुलं आत आणि फिकी बाजू वर. रूपल म्हणाली, "बघा, जुन्या काळचा लूक!" तिच्या सासूने, सायरबाईंनी, तशाच दोन करून घेतल्या आणि एक माहेरी राजस्थानात पाठवली.

समोरच्या ओट्यावरून कुंदाबाई ओरडायच्या, "फॅशन नही शे हाई! तिले दिसस नही!"

नावडतीचं मीठ अळणी. आम्ही म्हणायचो, जळते बिचारी.

किरणला दिवस गेले तेव्हा अक्का हरखल्या आणि घाबरल्याही. आमच्यात बाळाची पहिली गोधडी बापाच्या आईने शिवायची असते. तिच्या अंगावरचं जुनं लुगडं आत घालतात, म्हणजे लेकराला आजीच्या मांडीची ऊब. डोळ्यांचं बिंग फुटलं असतं तर हे काम गेलंच असतं, आणि भडगावहून किरणच्या आईने अस्वलं छापलेलं तयार ब्लँकेट आणलं असतं. अक्कांना त्या अस्वलांचा फार राग.

किरण बाळंतपणाला भडगावला गेली. सुया ओवायला आता रूपल यायची, मोठ्या भक्तिभावाने. गोधडी पुरी झाली, तिकडे मुलगी झाल्याचा निरोप आला, अक्कांचा मुलगा प्रेमराज पेढे घेऊन आला. त्या आनंदात अक्कांनी आवराआवर केली. साबणाची वडी हातात घेऊन सवयीने अंगठा फिरवला. ओळीत एक भोक रिकामं.

त्यांनी अंगण चाचपलं. फुटक्या रेडिओतलं लोहचुंबक काढून जमिनीवरून फिरवलं, गोधडीवरूनही फिरवलं. चार थरांच्या आत ते काय करणार? सुई गोधडीतच राहिली असेल, आणि तीत तान्हं लेकरू निजणार. अस्वलं परवडली असती.

तेव्हा त्या गल्लीत येऊन उभ्या राहिल्या आणि इतके दिवस दडवलेलं एका दमात बोलून गेल्या. "माय वं, माले दिसस नही! दोन वरीस झाये, काहीच नीट दिसस नही. सुई मझार राही गयी. कोनी तरी देखा!"

आम्ही हसलो. मीही हसले. "अक्का, तुम्हांला दिसत नाही तर आम्हांला काय दिसणार!" एकीने कडाकडा बोटं मोडली, म्हणे नातीला दृष्ट लागू नये म्हणून अक्का स्वतःलाच नावं ठेवताहेत. रूपलने मोबाइल काढला. "परत म्हणा ना अक्का. शिवून झाल्यावर सुई कशी शोधायची, तेही सांगा." प्रेमराज गोधडीची घडी घालून पिशवीत भरायला निघाला. तो काळी-पिवळी चालवतो, आणि गाडी भडगावच्या रस्त्याला लावून तयार होती. "आई, तुझ्या हातून सुई राहील का कधी?" एवढी माया, एवढा मान, आणि त्यात एक माणूस ऐकणारं नव्हतं. अक्का पिशवीला धरून रडायला लागल्या. आम्हांला वाटलं, आनंदाने.

समोरच्या ओट्यावरून कुंदाबाई उठल्या. कुणाला न विचारता त्यांनी पिशवी ओढून घेतली आणि गोधडी उन्हात पसरली. कडेपासून सुरुवात केली, एकेक टाका बोटांनी दाबत. तोंड चालूच.

"हाई देखा, आठे टाका इतला लांबा, पोरगीनं बोट अडकी जाई. हाई ओळ शे का गिरणा नदीनं वळण? हाऊ कोपरा देखा, हाऊ कोपरा शे?"

एरवी आम्ही त्यांना गप्प केलं असतं. पण अक्काच मान हलवत होत्या. "हो वं. हो. आखो देख, पुढे देख."

मधल्या ओळीवर कुंदाबाई थांबल्या. अंगठ्याला रक्त आलं होतं. वरचा थर उसवून त्यांनी सुई काढली आणि अक्कांच्या तळहातावर ठेवली.

"तू मदतले कसाले उनी?" अक्कांनी विचारलं.

"भांडन तुनासंगे शे. पोरगीसंगे नही."

सुई कुणाचीही राहते, असं म्हणत आम्ही घरोघर पांगलो. मग तिथेच बसून त्यांनी ती ओळ नव्याने घातली, सुतळी न लावता. उठताना म्हणाल्या, "आते धुळाले चाल, दवाखानामा. डोळा दाखाडी देऊत." अक्का म्हणाल्या, "नही." कुंदाबाई निघून गेल्या.

बारशाला प्रेमराजने आख्खी गल्ली भडगावला नेली. पाळण्याची गाणी झाली, घुगऱ्या वाटल्या, गोधडी हातोहात फिरली. रूपलचं बोट नेमकं मधल्या ओळीवर जाऊन थांबलं. सरळ, बारीक, दाण्यासारखे टाके.

"कुंदामावशी, बघा जरा," ती म्हणाली. "हा खरा अक्कांचा हात. नावं ठेवण्यापेक्षा शिकून घ्या."

कुंदाबाईंच्या तोंडाला कधी कुलूप नव्हतं. पण आज त्यांनी घुगऱ्यांची मूठ तोंडात टाकली.

बोलल्या त्या अक्का. "ती ओळ कुंदानी शे. मनी नही."

सगळ्या बायका कौतुकाने हसल्या. किरणच्या आईने तर डोळ्यांना पदर लावला. "काय मन आहे! दुश्मनालासुद्धा मान देतात." गोधडी पुढच्या बाईकडे गेली.

अक्कांनी हात पसरून ती मागून घेतली. मधल्या ओळीवरून सावकाश अंगठा फिरवला, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग शेजारी बसलेल्या कुंदाबाईंचा हात चाचपून धरला.

"सकाय धुळाले जाऊत," त्या म्हणाल्या. "माले तुना टाका देखना शेतस."

कुंदाबाईंनी हात सोडवून घेतला नाही.

"वाकडा दिसना," त्या म्हणाल्या, "तं तोंडवर सांगजो."