मेंदूच्या पेपरातलं मिठागर

माझ्या बायकोने पंचेचाळिशी ओलांडल्यावर बी.ए.ला नाव घातलं. विषय मानसशास्त्र. पुस्तकं टपालाने घरी यायची, अभ्यास घरीच करायचा आणि परीक्षेला तेवढं उल्हासनगरच्या एका कॉलेजात जायचं. बाकीचे सगळे पेपर तिने एका दमात सोडवले. अडकला एकच, 'वर्तनाचा जैविक आधार'. तो माझ्यामुळे अडकला असं मला वाटत होतं, आणि हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं.

अंबरनाथ पश्चिमेला आमच्या इमारतीत पाण्याची मोटार चालू-बंद करायची पाळी घरोघरी फिरते. त्या पेपरच्या सकाळी पाळी आमची होती. तिने मोटार चालू केली आणि पुस्तकात डोकं घातलं. टाकी भरून गच्चीवरून पाणी कोसळायला लागलं, खालचे बोंबलले, आणि मी तिच्यावर ओरडलो. नुसता ओरडून थांबलो असतो तरी एक वेळ चाललं असतं. "या वयात कॉलेजकुमारी व्हायचंय, आणि घराचं भान नाही," असंही म्हणालो. ती तशीच परीक्षेला गेली. चेतापेशीतून संदेश कसा वाहतो, हा प्रश्न तिने पक्का केलेला होता. तोच आला, आणि तिला एकही ओळ आठवेना. "डोकं कोरं झालं," घरी आल्यावर एवढंच म्हणाली. नापासाचा निकाल लागला तेव्हाही तिने मोटारीचा विषय काढला नाही.

पुन्हा फॉर्म भरला तेव्हा प्रश्न विचारायचं काम मी मागून घेतलं. कारखान्यातून आलो, चहा घेतला की पुस्तक उघडायचो. ती मेथी निवडता निवडता उत्तरं द्यायची. एकदा मला त्या पुस्तकात चक्क माझी सुटका सापडली. मेंदूत बदामाएवढा एक भाग असतो, अमिग्डाला. धोका दिसला की विचार करायच्या आत तो पेटतो.

"हे बघ," मी म्हणालो, "मी ओरडतो त्यात माझा काही दोष नाही. वडीलही असेच होते. आमचा बदामच मोठा."

"पुढचं पान वाचा."

पुढच्या पानावर कपाळामागच्या भागाची माहिती होती. तो भाग त्या बदामाला आवर घालतो, असं लिहिलं होतं.

"हे परीक्षेला येतं का?"

"येतं," ती म्हणाली. "घरीही येतं."

त्याच धड्यात थोडं पुढे ताण आणि स्मृती यांच्यावर एक परिच्छेद होता. ताण वाढला की शरीरात जी रसायनं सुटतात, त्यांनी पाठ असलेलंही ऐन वेळी आठवेनासं होऊ शकतं. मी तो मनातल्या मनात वाचला. त्यावरचा प्रश्न तिला कधीच विचारला नाही. दर वेळी पान उलटून पुढे जायचो.

ती मात्र अजून चेतापेशीतच अडकली होती. सोडियम पेशीच्या बाहेर जास्त की आत, पेशीच्या पडद्यातली दारं आधी कोणासाठी उघडतात, सगळं पाठ म्हणायची आणि नेमकी त्याच जागी अडखळायची. एका रविवारी आम्ही बदलापूरला तिच्या भावाकडे गेलो. तिचे वडील तिथेच राहतात. खाडीकाठच्या गावात त्यांचा जन्म मिठागरात गेला. जेवण झाल्यावर ते जुन्या गोष्टी सांगायला लागले. उधाणाची भरती बांधाला टेकली की बांधातली लाकडी फळी उचलायची आणि खारं पाणी आत घ्यायचं.

"हळूहळू यायचं का हो बाबा, पाणी?" तिने विचारलं.

"पानी काय इचारून येतं का बाय? फली उघरली का घुसलाच."

ती एकदम उठून बसली. पेन मागून घेतलं आणि वर्तमानपत्राच्या कोपऱ्यावर बांध काढला. बाहेर खारं पाणी, आत कमी खारं. फळी उघडली, मीठ आत. "अहो, सोडियम म्हणजे मीठच की! बाहेर जास्त असणारच." मग एकीच्या धक्क्याने पुढची फळी, तिच्या धक्क्याने त्यापुढची, अशी तिने पानाच्या कडेपर्यंत फळ्यांची रांग काढली. तिच्या वडिलांनी चष्मा लावून ते चित्र पाहिलं आणि म्हणाले, "आमच्या मिठागरान येवऱ्या फल्या नव्हत्या." ती इतकी हसली की डोळ्यांना पदर लावला. नंतर रिक्षात बसल्यावर तिने सगळं उत्तर सलग म्हणून दाखवलं, कुठेही न अडखळता. मी वर्षानुवर्षं कारखान्यात रसायनांची पिंपं मोजतोय, पण सोडियम असं समोर वाहताना मला कधी दिसलं नव्हतं.

परीक्षेच्या दिवशी मोटारीची पाळी दुसऱ्यांची होती, देवाची कृपा. रिक्षा खाली येऊन थांबली. ती बसली आणि चष्म्यासाठी परत वर गेली. आली, बसली, आणि पाण्याच्या बाटलीसाठी पुन्हा वर गेली. रिक्षावाला हॉर्न देत होता. माझे कान तापले, तोंडात वाक्य तयार झालं. ती जिना उतरून आली आणि तिने माझ्याकडे पाहिलं.

"कुठपर्यंत आलंय?"

"कानापर्यंत."

"मग गप्प बसा. सोडियम बाहेर जाऊ दे."

रिक्षावाल्याने मागे वळून आम्हा दोघांकडे पाहिलं आणि रिक्षा चालू केली. कॉलेज येईपर्यंत मी तोंड उघडलं नाही.

ती आत गेल्यावर समोरच्या पापडाच्या दुकानाबाहेर उभा राहिलो. येरझाऱ्या घालून घामाघूम झालो. दुकानदार सिंधी होता. शेवटी त्याने स्टूल पुढे सरकवलं. "साईं, बैठो. पेपर मॅडम का है या आपका?"

"मॅडम का."

"तो पसीना आपको क्यूँ?"

पेपर सुटला. ती आरामात चालत आली, दुकानदाराने दिलेला भाजलेला पापड हातात घेतला.

"चेतापेशी आली?"

"आली. आकृतीखाली मिठागराचं उदाहरणही लिहिलं."

"आणि शेवटचा प्रश्न?"

"ताणाचा स्मृतीवर होणारा परिणाम. स्वतःचं उदाहरण द्या, असा होता." तिने पापडाचा तुकडा मोडला. "तुम्ही तो एकदाही विचारला नाहीत. दर वेळी पान उलटायचात. मी आपली एकटीच करत होते."

मला तिच्याकडे पाहवेना. "मोटारीचं लिहिलंस?"

"हो."

"माझ्याबद्दल?"

"'घरातील एक व्यक्ती' असं लिहिलंय. नाव नाही घातलं." मग अर्धा पापड तिने माझ्या हातात दिला. "खा. छान आहे."

ती पास झाली. त्या उत्तराला किती गुण पडले ते कळायला मार्ग नाही. पण ते पूर्ण लिहिता आलं, असं ती म्हणाली, अगदी शेवटच्या ओळीपर्यंत.