कौल आणि पंखा

कोरगावची काजूबाग विकायची आणि डिचोलीच्या खाणीवर ट्रक लावायचा, असं मी ठरवून टाकलं होतं. बाग थोरल्या भावाने लावलेली. तो म्हणाला, "आधी देवाक कौल लावया."

देवळात भटजींनी मूर्तीला ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार, काहीच पडलं नाही तर थांबायचं. आम्ही इतका वेळ बसलो की भटजींची दाढी बेंबीपर्यंत वाढली, पण पाकळी हलेना.

"देव राव म्हणता रे, थांब म्हणता," भाऊ म्हणाला आणि त्याने डोळे मिटले. भटजी आत गेले, तसा मी उकाड्याच्या निमित्ताने उभा पंखा उजवीकडे वळवला. उजवी पाकळी अशी सुटली की पेडण्याच्या बाजारातच पडायची!

भावाने साष्टांग नमस्कार घातला आणि कागदांवर सही केली.

वर्षाच्या आत खाणी बंद पडल्या. आता ट्रकात कोंबड्या अंडी घालतात, तीसुद्धा गंजलेली. लोक हसतात. भाऊ मात्र देवळाची पायरी चढत नाही. "देवानच माका फसयलो," म्हणतो.

गावभर थापा मारत फिरणारा मी, पण पंख्याची खरी गोष्ट त्याच्यापुढे अजून तोंडातून निघत नाही.