कापलेली नावं

मी सहजासहजी विसरणारी बाई नाही. कोणी माझा खडू उचलून नेला तरी तो मला वर्षभर आठवतो, आणि इथे तर माझा अख्खा व्हिडिओच उचलला होता.

पहिलीच्या पोरांसाठी मी आमच्या शिवारातल्या पाखरांवर आठ मिनिटांचा व्हिडिओ केला होता. माझे चार रविवार त्यात गेले. फोटो रिसोडच्या स्टुडिओवाल्या चाचांचे. लग्नसराई संपली की ते कॅमेरा घेऊन तळ्याकाठी बसतात. फोटो देताना म्हणाले, "वर्गात बिनधास्त दाखवा, बाई. बाहेर कुठी टाकाचे असन तं मले इचारा." मी कबूल केलं. व्हिडिओच्या शेवटी नावांची पाटी लावली: चाचा, माझी पोरं आणि मी.

आमच्या केंद्रातल्या दुसऱ्या शाळेच्या एका सरांनी तो व्हिडिओ पेन ड्राइव्हवर मागून नेला. "पोराईले दाखवतो," म्हणाले. दोन महिन्यांनी तोच व्हिडिओ मला यूट्यूबवर दिसला. नावांची पाटी कापलेली, सुरुवातीला सरांचा हसरा फोटो आणि खाली ठसठशीत 'निर्मिती'. वर तालुक्याच्या शिक्षक स्पर्धेत पहिला नंबर. आयत्या बिळात नागोबा. त्या दिवशी भाकरी मी जरा जोरातच थापल्या.

फोनवर भांडता आलं असतं. पण फोनवरचं भांडण दोघांतच विरून जातं, आणि मला ते विरू द्यायचं नव्हतं. बक्षीस समारंभात सर तो व्हिडिओ सगळ्यांना दाखवणार होते. तालुक्याच्या कार्यक्रमाचे फोटो दर वेळी चाचाच काढतात, एवढं मात्र सरांच्या ध्यानात आलं नव्हतं. मीही चाचांना आधी काही सांगितलं नाही. ते कपट होतं, आणि मला ते आवडलं.

व्हिडिओ संपला, टाळ्या झाल्या. मी उभी राहिले. "सर, फोटो कोणाचे हायेत?"

सर हसले. "शिक्षणासाठी आहे ना, बाई. शिक्षणासाठी सगळं चालते."

"वर्गात शिकवतानी चालते. सोताच्या नावानं बक्षिसाले धाडलं तं नाई चालत. ज्याचे फोटो हायेत त्याईलेच इचारा, ते मागं उभे हायेत."

सगळ्यांच्या माना वळल्या. चाचांनी कॅमेरा खाली घेतला. "माहे हायेत. बाईले वर्गापुरते देले होते. तुमी कोन, मले ठाऊक नाई."

सरांचे कान लाल झालेले मी पोटभर पाहून घेतले. ट्रॉफी टेबलावरच राहिली आणि संध्याकाळच्या आत व्हिडिओ यूट्यूबवरून उतरला. मला जराही दया आली नाही. आजही येत नाही.

निघताना चाचा स्टँड आवरत होते. फोटो न विचारता बाहेर गेले म्हणून रागावलेले होते, तरी विचारलं, "त्याच्यातला टिटवीचा आवाज कुठला, बाई? एकदम अस्सल हाय."

"आमच्या खिचडीवाल्या मावशीचा," मी कौतुकानं म्हणाले. शाळेत खिचडी शिजवणाऱ्या मावशी सगळ्या पाखरांचे आवाज काढतात. त्या चुलीशी बसल्या असताना मी मोबाइल पुढे धरला होता. कशासाठी, ते त्यांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

"म्हंजे सरनं त्याईचं बी नाव कापलं," चाचा म्हणाले.

मी हो म्हणाले. सरांच्या माथी एवढं एक खोटं मी मारलं. मावशींचं नाव त्या पाटीवर मी लिहिलंच नव्हतं.