अण्णांच्या जीपचं काचेचं भांडं

गॅरेजात किस्से जमवावे लागत नाहीत. गाडी खोलली की माणसं वाट बघत बसतात, आणि बसली की बोलतात. उद्यमनगरात अप्पांच्या गॅरेजशेजारी माझं गाड्या रंगवायचं शेड होतं. तिथले हे किस्से, सगळे एकाच जीपचे.

*

नव्वदचं दशक संपत आलं होतं. गडमुडशिंगीच्या अण्णांची जुनी डिझेल जीप धूर ओकायची. इंजिनातल्या वाफेबरोबर तेल वर जाऊन हवेच्या पाईपात शिरायचं. अप्पा म्हणाले, "मधी भांडं बसवू. त्याल भांड्यात, हवा फुडं!"

भांडं कुठलं? माझ्या रंग फवारायच्या कंप्रेसरचा सेपरेटर! हवेतलं पाणी अडवणारा, काचेचा, खाली छोटा नळ असलेला. मला न विचारता काढला. दुपारी मी एक बॉनेट रंगवलं, तर रंगावर पाण्याचे फोड. अप्पा बघून म्हणाले, "डिझाईन झ्याक आलंय की!"

*

सेपरेटरची भोकं बारीक. जीप चालू केली आणि आत कोंडलेल्या वाफेनं तेल मापायची पट्टीच उडवली. अण्णा पांढरा शर्ट घालून वाकून बघत होते.

"अप्पा, त्याल भांड्यात धरायचं हुतं, माझ्या अंगावर न्हवं!"

मग भोकं मोठी केली. तेल अडावं म्हणून आत तारेची घासणी कोंबली, अप्पांच्याच स्वयंपाकघरातली. त्या दिवशी वहिनींनी भांडी अप्पांनाच घासायला लावली!

*

अण्णा दर रविवारी काकूंना घेऊन जोतिबाला जायचे. डोंगरावर बॉनेट उघडलं की गर्दी व्हायची. एका दुकानदारानं विचारलं, "पावणं, गाडीला सलाईन लावलंय व्हय?"

"वय झालंय तिचं," अण्णा म्हणाले. "पर चढाला आमच्या दोघांपरास बरी हाय!"

*

मुलं म्हणायची, जीप विकून टाका. अण्णा शब्दाला पक्के. त्यांनी घरात सांगून टाकलं, "भांडं एकदा काठोकाठ भरू दे. त्या दिवशी जीप भंगारात!"

मला वाईट वाटलं. भांडं भरणारच होतं, आणि जीप गेली की दोघांचा रविवारही गेला. पण अण्णा आले की सांगायचे, "थेंब न्हाय!" अप्पा कोरडं भांडं बघायचे, इंजिनात कमी पडलेलं तेल ओतायचे आणि बॉनेट लावायचे.

*

एकदा काकू एकट्याच आल्या. हातात तो छोटा नळ.

"रोज फिरवून आटं गेलं ह्याचं. नवा द्या, मी बसवते. ह्यास्नी सांगू नगा."

"रोज?"

"ह्ये उठायच्या आधी."

अप्पांनी नवा नळ दिला.

*

पुढच्या आठवड्यात अण्णा आले. बॉनेट उघडलं आणि अप्पांना म्हणाले, "नवा नळ लई घट्ट हाय. जरा सैल करा की. हात दुखतोय तिचा."